टोपलीतलं इंग्रजी

मी मास्तरीण नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच मान देऊ नये. मुंबईतल्या आंबोलीच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले आणि मग जवळच अंधेरीत सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत स्वयंपाकघरात कामाला लागले. शाळेचं नाव देत नाही. त्या जागेवर आता लिफ्टची इमारत आहे. पण पन्नास सालानंतर बरीच वर्षं त्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात मी मुलांना इंग्रजी शिकवलं. हुद्दा शेवटपर्यंत स्वयंपाकिणीचाच राहिला. आतल्या वर्गात 'टीचर' असायच्या, बाहेर व्हरांड्यात मी 'बाई'.

मासिकाचा अंक काढणारी मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या कामाबद्दल लिहा ना. लोकांना आवडेल."

मी म्हटलं, "आवडण्यासारखं काय आहे त्यात? लिंबू आहे, झाडू आहे, मासे आहेत."

"तेच लिहा," म्हणाली. म्हणून लिहिते आहे. वाचून कंटाळा आला तर तिला सांगा.

त्या वेळी अंधेरीच्या आसपास आमच्या किरिस्तांव लोकांची गावठाणं होती. घरात मराठी, देवळात म्हणजे चर्चमध्येही मराठी, भांडण मराठी. पण पाद्री सांगायचे की मुलांना इंग्रजी शाळेत घाला, म्हणजे रेल्वेत नाहीतर ऑफिसात लागतील. आईबाप घालायचे. मग ते पोर वर्गात बसायचं आणि समोरची टीचर सकाळपासून दुपारपर्यंत जे काही बोलायची ते त्याच्या डोक्यावरून जायचं. सगळे उभे राहिले की ते उभं राहायचं, सगळे हसले की हसायचं. वर्षाच्या शेवटी नापास. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याला सगळे 'ढ' म्हणायचे.

एक दिवस असाच एक लहान मुलगा स्वयंपाकघराच्या बाहेर ओल्या चड्डीत रडत उभा होता. मी त्याला पुसत होते तेव्हा मागून सिस्टर बेनेडिक्टा आल्या. या आयर्लंडच्या, शाळेच्या मुख्य. उंच, लालबुंद चेहऱ्याच्या, चालताना चपला फटाफटा वाजवणाऱ्या. मुलाला काय झालं ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की त्याला बाहेर जायचं होतं, पण ते इंग्रजीत कसं मागायचं हे त्याला येत नव्हतं. मी लहानपणापासून सिस्टरांमध्ये वाढलेली, मला इंग्रजी कानाने आलं होतं. भाजी चिरता चिरता आलं म्हणा.

त्या म्हणाल्या, "मोनिका, मी वर्गात बोलते त्यातलं याला किती कळतं?"

"काहीच नाही, सिस्टर."

"मग हा मान का डोलावतो?"

"तुम्ही रागवू नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागचा व्हरांडा दिला, एक चटई दिली आणि अशी सगळी मुलं दिली. जेवणाची भांडी आवरली की शाळा सुटेपर्यंतचा वेळ माझा.

शिकवायचं कसं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस मी नुसती बोलत सुटले आणि मुलं मान डोलवत राहिली. मग मला एक गोष्ट कळली. 'समजलं का?' हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे. तो मी टाकून दिला. त्याऐवजी म्हटलं, "ब्रिंग द लेमन." जो लिंबू घेऊन आला त्याला समजलं. जो चमचा घेऊन आला त्याला नाही. भानगड संपली.

तेव्हापासून टोपली आली. सकाळी कांदे सोलताना मी डोक्यात दुपारचा धडा जुळवायची आणि लागतील त्या वस्तू एका वेताच्या टोपलीत टाकत जायची. लिहून काही ठेवलं नाही, टोपली म्हणजेच धडा. तिच्यात कालच्या ओळखीच्या वस्तू असायच्या आणि नवीन एकच. नवीन दोन टाकल्या की दोन्ही सांडतात. शिवाय एक वस्तू खास त्या दिवशीच्या सगळ्यात कच्च्या मुलासाठी असायची, त्याला नक्की येणार अशी. ती मी शेवटी काढायची. घरी जाताना त्याच्या तोंडात बरोबर उत्तर असलं पाहिजे, एवढाच हिशेब. नवीन मुलाला बरेच दिवस मी बोलायलाच लावत नसे. ऐकायचं, उठायचं, आणायचं, ठेवायचं. लिंबू खुर्चीखाली ठेव. लिंबू पीटरच्या डोक्यावर ठेव. मुलं हसायची आणि हसता हसता एखादं बोलून जायचं. मी ऐकलंच नाही असं दाखवायची. पहिलं वाक्य बोललेल्या मुलाकडे सगळ्यांनी वळून पाहिलं तर ते पुन्हा महिनाभर तोंड उघडत नाही.

सगळ्यांना हे पटत नव्हतं. एकाचा बाप एकदा तणतणत आला. "बाई, माझ्या पोराला इथे इंग्रजीला घातलाय आणि तो घरी येऊन लेमन लेमन करतो. लिंबू काय आम्ही बघितलं नाही?"

मी म्हटलं, "बघितलंय ना? मग अर्धं काम झालं. न बघितलेल्या गोष्टीचं इंग्रजी तुम्हाला तरी येईल का?"

सगळ्यांचं जमलं असंही नाही. पास्कू नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. कानाने इतका तल्लख की टोपलीतलं सगळं त्याला एकदा ऐकून यायचं. पण पुस्तक उघडलं की त्याची अक्षरं पळायची. नाताळाच्या आधी कुलकुलं या गोड तळणीच्या पदार्थाचं पीठ मळलं होतं, त्याची मी अक्षरं वळून तळली. हातात दिल्यावर त्याने डोळे मिटून एकेक ओळखली आणि खाल्ली. तीच अक्षरं कागदावर दाखवली तर गप्प. मी खूप डोकं लावलं. नाही सापडलं. त्याने शाळा सोडली आणि गवंडी झाला. आता म्हणे असल्या मुलांच्या अडचणीला नाव आहे आणि त्यावर शिकवण्याची पद्धतही आहे. तेव्हा ती मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझ्या दाराची पायरी त्यानेच बांधलेली आहे. अजून हललेली नाही.

पण मला लिहायचं आहे ते हिराबद्दल.

वर्सोव्याची पारू कोळीण आमच्या स्वयंपाकघराच्या दारी मासे घेऊन यायची. सिस्टरांना शुक्रवारी मासे लागत, आणि मला भांडायला पारू रोज लागायची. एकदा ती आली ती दहा-अकरा वर्षांच्या मुलीला हाताला धरून.

"बाय, हिला तुज्या सालेत घाल," म्हणाली.

"हिचं वय बघ. हिच्या वयाची मुलं कितीतरी पुढे गेलीत."

"मंग बारक्यांत बसव. उंच दिसंल, दिसू दे."

मग तिने सांगितलं. तिची भावजय बाळंतपणात अडली होती आणि तिला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टर इंग्रजी बोलणारा, भावजय कोळी बोलणारी, दोघांना एकमेकांचं काही कळेना. मग एक नर्स आली. तिला दोन्ही येत होतं. तिने इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे, आणि बाळ-बाळंतीण दोघं घरी आली.

"ती पोर मदी उबी व्हती ना बाय, म्हनून ती जगली," पारू म्हणाली. "माजी हिरा तशी मदी उबी ऱ्हायला पायजे."

सिस्टर बेनेडिक्टांनी हिराला घेतलं, पण दोन वर्षांच्या बोलीवर. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर बोलली तर पुढे, नाहीतर नाव काढायचं. हिराच्या बापाचीही हीच अट होती. "बोलली तर शिकू दे. नाय तर बोंबील सुकवायला हात कमी हायेत, आनि मंग लगीन."

हिरा उंच, काळी, दात शुभ्र. बसायची ती गुडघे पोटाशी घेऊन. टोपलीतलं पहिलं वर्ष तिने गिळून टाकलं. पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, तर तिची जीभ सुटलेलीच असायची. पुस्तकात एक धडा होता, 'व्हेअर आर यू गोइंग?' मी व्हरांड्यात खडूने रस्ता काढला. एका टोकाला बाजार, एका टोकाला देऊळ, मधे विहीर. एकाने चालायचं, दुसऱ्याने विचारायचं. दुसऱ्या वर्षाच्या जुलैत हिरा त्या रस्त्यावर राणीसारखी चालली. बाजारात गेली, विहिरीवर गेली, भलतीकडेही गेली आणि सगळं इंग्रजीत सांगत गेली.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि हा धडा आला की हिरा गप्प व्हायला लागली. मला वाटलं, विसरली. कच्ची मुलं विसरतात. मग जे सगळे करतात तेच मी केलं, उजळणी घेतली. पुन्हा खडूचा रस्ता, पुन्हा तोच प्रश्न. जितकी उजळणी घेतली तितकी ती घट्ट होत गेली. कुणी 'व्हेअर आर यू गोइंग' विचारलं की ती चालता चालता मटकन खाली बसायची. थोडा वेळ बसून उठायची आणि रस्त्याच्या सुरुवातीला जाऊन उभी राहायची. मुलं हसायची. आतल्या वर्गातही तेच. तिथल्या टीचरने तिला बाकावर उभं केलं. "स्टबर्न," म्हणाली. मलाही तेच वाटायला लागलं होतं. दुसरं वर्ष असंच गेलं. बाकी सगळं येत होतं, पण परीक्षा त्याच पुस्तकातून होणार होती आणि परीक्षक मुलांना पहिला प्रश्न नेहमी तोच विचारायचे.

परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी पारूने मासे दिले, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. मी भांडं धुता धुता सहज विचारलं, "आता कुठे चाललीस गं?"

पारू थांबली. टोपली उतरवली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "पानी दे."

मी पाणी दिलं. तिने ते सावकाश प्यायलं, जरा वेळ बसली आणि मग पुन्हा टोपली उचलली.

"बाय, तुला किती येला सांगू? जानाऱ्याला 'कुटं' इचारू नाय. धनी दर्यावर हाय. आज चार लोकांच्या होड्या आल्या, आमची नाय आली अजून."

ती गेली. मी तिथेच, हातात भांडं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या घरातही म्हातारी माणसं कुणी निघालं की 'कुठे' म्हणू देत नसत. पण मी अकराव्या वर्षापासून सिस्टरांमध्ये राहिले. तिथे येता-जाता सगळ्या विचारायच्या, "व्हेअर आर यू गोइंग, मोनिका?" आणि मी सांगायची, बाजारात, गोदामात, चॅपेलात. माझं मलाच विसरायला झालं होतं. जिचा बाप होडीवर आहे त्या मुलीला मी आठ महिने रोज दुपारी तो प्रश्न विचारत होते. आणि ती काय करत होती? आईने तिला जे शिकवलं तेच. बसायची, उठायची, पहिल्यापासून सुरुवात करायची. पाणी तेवढं तिला कुणी देत नव्हतं.

मी सिस्टरांकडे गेले आणि सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हसतील नाहीतर देवभोळेपणा म्हणून रागावतील.

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या गावीही मासेमारीच होती. माझे केस लाल. लाल केसांची बाई वाटेत दिसली तर माझे काका होडीवर न जाता घरी परत यायचे. लहानपणी मला सकाळी घराबाहेर सोडत नसत."

त्यांचे केस लाल आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. डोक्यावर कायम ते फडकं.

"पण मोनिका, परीक्षक बाहेरचे आहेत. पुस्तक तेच आहे. मी त्यांना काय विचारा ते सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टोपली आणायला मात्र कुणी मनाई केलेली नाही."

दुपारी मी हिराला बाजूला घेतलं. म्हटलं, "उद्या टोपली मी भरणार नाही. तू भरून आण. तुला जे येतं ते."

"मासं आनू?"

"मला विचारू नकोस. धडा तुझा आहे."

परीक्षेच्या दिवशी पारू आली नाही. हिरा एकटी आली, शेजाऱ्यांच्या होडीवरची मासळी घेऊन. बापाची होडी अजून आलेली नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते, पण केस चापूनचोपून तेल लावून बसवलेले. मी म्हटलं, घरी जायचं असेल तर जा. ती म्हणाली, "घरी बसून काय करू, बाई? सगली दर्याकडं बगत बसल्यात."

परीक्षक म्हणजे गोव्याकडचे एक म्हातारे फादर. पोट मोठं, आवाज मऊ. वर्गात एकेका मुलाला पुढे बोलवत होते. भिंतीवर अक्षरांची चित्रं लावलेली होती. हिराची पाळी आली. ती टोपली डोक्यावर घेऊन आत आली तसा मासळीचा वास वर्गभर पसरला आणि आतल्या टीचरने रुमाल नाकाला लावला.

फादर प्रेमाने म्हणाले, "अँड व्हेअर आर यू गोइंग, माय चाइल्ड?"

हिराने टोपली खाली ठेवली आणि जमिनीवर बसली.

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. सिस्टर बेनेडिक्टा माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे झाले आणि एक पेला पाणी हिराच्या हातात दिलं. ती प्यायली. थोडी बसली. मग उठली नाही, तिथेच मांडी ठोकली, टोपलीवरचं केळीचं पान बाजूला केलं आणि फादरना म्हणाली, "कम, फादर. सिट. सी माय फिश."

फादर बसले. खुर्ची पुढे ओढून बसले.

मग हिराने जे केलं ते तिने जन्मल्यापासून आईचं बघितलेलं होतं, फक्त शब्द दुसरे होते. एक पापलेट उचललं. "लुक ॲट द आय. क्लीन आय. धिस इज फ्रेश." कल्ला उघडून दाखवला. "रेड. गुड." मग दुसरं उचललं. "धिस इज ओल्ड. डोन्ट टेक. स्टमक विल क्राय." हे पोट रडण्याचं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. फादरनी मुद्दाम ते शिळंच हातात घेतलं आणि म्हणाले, मला हेच हवं. हिराने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नो, फादर. यू आर ओल्ड. फिश इज ओल्ड. नॉट गुड."

सिस्टर बेनेडिक्टांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

फादरनी बोंबलाकडे बोट दाखवून म्हटलं, "आह, बॉम्बे डक!"

हिराने त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चित्राकडे, जिथे डी अक्षराखाली बदक होतं. "नो, फादर," तिने समजूत घालत सांगितलं. "दॅट इज डक. धिस इज बोंबील."

बराच वेळ हे चाललं. माझ्या टोपलीतले सगळे शब्द येऊन गेले, आत-बाहेर, वर-खाली, आण-ठेव, आणि मी कधी न शिकवलेलेही आले. संपल्यावर तिने पान झाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि दारापाशी वळून म्हणाली, "आय ॲम कमिंग, फादर."

"गोइंग," आतली टीचर म्हणाली. "आय ॲम गोइंग."

हिरा म्हणाली, "आय ॲम कमिंग."

"गोइंग."

"कमिंग," हिरा म्हणाली. ती हटली नाही.

मी बोलणार तेवढ्यात फादरनी हात वर केला. ते टीचरला इंग्रजीतच म्हणाले, "माझी आई पणजीला असते. तिच्या घरातून मी कधी 'जातो' म्हणून निघालेलो नाही. जातो म्हटलं तर ती मला परत आत बोलावील." मग हिराला म्हणाले, "यस, चाइल्ड. कम."

हिरा पास झाली. होडी दुसऱ्या दिवशी आली, डोलकाठी मोडलेली, मासळी काहीच नाही, माणसं सगळी. पारूने स्वयंपाकघराच्या दारी येऊन मला ते सांगितलं आणि मग माझ्याशी माशांच्या भावावरून कचकचून भांडली.

पुढे मी तो धडा फक्त पावसाळ्यात ठेवला. होड्या पाण्यात गेल्या की पुस्तकातली ती पानं आम्ही सोडून द्यायचो. आजच्या शिकवणाऱ्या बायांना हे वेडेपणाचं वाटेल. पण मुलाच्या तोंडून शब्द यायचा असेल तर त्याच्या घरात त्या दिवशी काय चाललं आहे हे शिकवणाऱ्याला ठाऊक पाहिजे. माझी सगळी विद्या एवढीच. बाकीची टोपली.

हिरा शिकली. उड्या मारत वर्गामागून वर्ग ओलांडून गेली आणि मधल्या सुटीत व्हरांड्यात येऊन माझ्या मुलांत बसायची. मी इंग्रजीत सांगायची, ती नवीन मुलांना त्यांच्या बोलीत, मग त्यांचं मला. तिला नर्सिंगला घेतलं तेव्हा पारू तिला गणवेशात घेऊन आली ती सरळ स्वयंपाकघराच्या दारी. सिस्टर बेनेडिक्टांना बोलावून घेतलं. एका बाजूला स्वतः उभी राहिली, दुसऱ्या बाजूला सिस्टरांना उभं केलं आणि मधे हिराला.

"आता सांग तिला, आज पापलेट म्हाग हाय," पारू म्हणाली.

हिराने सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, तुझी आई रोज हेच म्हणते. हिराने तेही सांगितलं. पारू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. लेकीला मधे उभी बघितलेली तिने ती एकदाच. त्याच वर्षी ती तापाने गेली. नंतर दुसरी कोळीण यायला लागली. मासे बरे असायचे, पण तिला भांडता येत नव्हतं.

बापाने लग्न ठरवलं, हिराने मोडलं, आणि बापाने तिच्याशी बोलणं टाकलं. ती इस्पितळातच राहायची. सुटीच्या दिवशी व्हरांड्यात यायची, मुलांची नखं बघायची, टोपलीत काय आहे ते उचकायची. "बाई, अजून लिंबूच?" म्हणायची.

मग साठचं दशक संपता संपता एक दिवस आली. हातात बॅग, पायात बूट, मनगटावर घड्याळ. म्हणाली, "बाई, नोकरी मिळाली. बोटीने जायचंय."

मी म्हटलं, "बरं झालं. गरम कपडे घेतलेस का?"

"घेतले."

"आणि खोबरेल? तिकडे मिळणार नाही."

"घेतलं, बाई."

मुलं चटईवर बसलेली. मी टोपलीतून काहीतरी काढत होते, काय ते आठवत नाही. ती दारात उभी राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. माझ्या जिभेवर प्रश्न होता. बोटीने जाणाऱ्याला विचारायचा नाही एवढं तिनेच मला शिकवलं होतं, म्हणून मी तो गिळला.

"येते, बाई," ती म्हणाली.

"ये," मी म्हटलं.

त्या वर्षीच माझ्या भावाला अर्धांगवायू झाला आणि मी त्याच्याकडे बोरिवलीला गेले. शाळेचा पत्ता तिला ठाऊक होता, माझा नव्हता. काही वर्षांनी शाळाच तिथून हलली. सिस्टर बेनेडिक्टा त्याआधीच आपल्या देशात परतल्या होत्या. पत्र आलं असेल तर कुणाच्या हातात पडलं असेल ते मला माहीत नाही. एकदा मी वर्सोव्याला गेले. हिराचा बाप किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. मी म्हटलं, "हिरा कुठे असते आता?"

त्याने मान वर केली नाही. "बोटीनं गेली ती," म्हणाला. "बोटीनं जानाऱ्याला इचारतात काय?"

मी तिथून निघाले. त्यानेही मला काही विचारलं नाही.

आता मी ऐंशी पार केली आहे. अजून सकाळी कांदा सोलताना माझं डोकं आपोआप टोपली भरत असतं. काल काय झालं, आज नवीन काय घालायचं, कच्च्या मुलासाठी काय ठेवायचं. मुलं नाहीत, व्हरांडा नाही, तरी धडा तयार होतो. एक गोष्ट मात्र त्या धड्यात बसत नाही. त्या दिवशी हिरा बुटात होती, घड्याळात होती, इस्पितळात राहून आलेली होती. तिने ते सगळं जुनं मागे टाकलेलं असू शकतं. मग ती दारात इतका वेळ कशासाठी उभी होती? मी विचारावं म्हणूनच असेल. बाहेर पाऊस होता. होड्या सगळ्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. ते दिवस तर त्याच धड्याचे होते.

विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, नाहीतर ती खाली बसली असती, मी पाणी दिलं असतं. तेवढा वेळ तरी आणखी थांबली असती.